आर्वीकर बंधूंची तारेतली वाटणी

प्रिंटर हातगाडीवरून उतरवायला चार माणसं लागली, आणि उतरवून झाल्यावर त्यातल्या तिघांनी विचारलं, की हे आहे तरी काय.

"प्रिंटर," हिरालाल रंगारी म्हणाले.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. हल्लीचा प्रिंटर माणूस काखेत मारून नेतो. हा धान्याच्या कोठीएवढा होता, जुन्या दातासारखा पिवळा पडलेला, आणि त्याच्या पोटात काहीतरी सुटं होऊन खडखडत होतं. हिरालाल रेल्वेच्या टेलिकॉम खात्यात छत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. आवाजावरून सुटी वस्तू महत्त्वाची आहे की नाही हे आपल्याला कळतं, असा त्यांचा समज होता. "ते काही नाही, स्क्रू असन," ते म्हणाले. पुढे ती काचेची गोटी निघाली. छापखान्यातल्या प्रिंटरमध्ये गोटी कशी गेली, हे शेवटपर्यंत कोणालाही सांगता आलं नाही.

प्रिंटर वरच्या खोलीत जायचा होता, कारण कॉम्प्युटर आदल्या दिवशीच वर गेला होता. पण रायपुरातल्या शंकर नगरच्या त्या मागच्या गल्लीतली घरं ज्यानं बांधली, त्यानं जिने काटकसरीनं बांधले. प्रिंटर वळणावर अडकला. वर जाईना, खाली येईना. हिरालालांच्या पत्नी शेवंताबाई वर, हिरालाल खाली आणि मध्ये प्रिंटर, अशा स्थितीत दीड तास गेला. त्या दिवशी शेवंताबाईंना जेवणाचं ताट प्रिंटरवरून सरकवून द्यावं लागलं. शेजारचे प्रफुल्ल डोंगरे दारात उभे राहून सांगत होते, "काका, थोडा तिरपा करा. नाही, इकडून तिरपा." प्रफुल्ल जलविभागात होते आणि गल्लीतल्या प्रत्येक कामात त्यांचं पहिलं योगदान हे असायचं. अखेर प्रिंटर तिरपा न होताच खाली आला आणि बैठकीत सोफ्याशेजारी, पाहुण्यासारखा, बसला.

या सगळ्याचं कारण शेवंताबाईंचं पुस्तक.

शेवंताबाई रेल्वेच्या प्राथमिक शाळेत शिकवायच्या. पंचवीसेक वर्षांपूर्वी त्यांनी डब्ल्यूआरएस कॉलनीत आणि तिच्या आसपासच्या पाऱ्यांत, म्हणजे मोहल्ल्यांत, फिरून बायांची गाणी लिहून घेतली. भंडाऱ्याहून, वर्ध्याहून, नागपुराहून नवऱ्यांच्या मागे रायपूरला आलेल्या त्या बाया. वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात नवरे, आणि घरी या, जात्यावर, पाळण्यापाशी, बाबासाहेबांच्या जयंतीच्या रात्री गाणाऱ्या. चौदा बाया होत्या. त्यातली निम्मी गाणी एकट्या कलावतीबाईंची. गोल बाजारातल्या आर्वीकर बंधूंच्या छापखान्यात, शाळा सुटल्यावर रोज बसून, शेवंताबाईंनी दोनशे बारा पानं स्वतः टाइप केली. आता फक्त छापायचं, एवढ्यावर काम आलं, आणि आर्वीकर बंधूंची आई वारली आणि भावाभावांत बिनसलं. पुस्तक तिथंच राहिलं. वह्या घरी होत्या, त्या वाळवीनं खाल्ल्या.

मधल्या बावीस वर्षांत कलावतीबाई जिथं भेटत तिथं विचारत, "मास्तरीणबाई, माह्यं पुस्तक?" यंदा त्या अठ्ठ्याऐंशीच्या झाल्या आणि दोनदा दवाखान्यात जाऊन आल्या. दुसऱ्यांदा शेवंताबाई भेटायला गेल्या, तेव्हा त्यांनी विचारलं नाही. नुसतं पाहिलं. शेवंताबाई घरी येऊन जेवल्या नाहीत.

त्याच आठवड्यात कळलं, की आर्वीकरांचा छापखाना मोडीत निघतोय. हिरालाल लगोलग गेले आणि तीन वस्तू घेऊन आले. ज्यावर पुस्तक टाइप झालं तो जुना मॅकिन्टॉश, तो प्रिंटर, आणि दोघांच्या मध्ये भिंतीवर लटकलेली एक राखाडी पेटी. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, चौदा ऑक्टोबरला, विहारात पुस्तक कलावतीबाईंच्या हातात द्यायचं, असं त्यांनी जाहीर केलं. तीन आठवडे हातात होते. एक बटण दाबायला तीन आठवडे पुष्कळ झाले.

बटण दाबलं. प्रिंटर दिसेना.

मॅकच्या पडद्यावर एक छोटी खिडकी उघडायची. तिच्यात वर प्रिंटरची नावं यायला हवी होती, ती जागा कोरी. खाली एक यादी, तिच्यावर शब्द 'झोन', आणि यादीत एकच नाव: CHHOTA.

हिरालालांनी तारा तपासल्या. तारेत काही नव्हतं. तारेच्या बाबतीत त्यांना हिणवणारा माणूस रायपूर स्टेशनात अजून जन्माला यायचा होता. जुना मॅक थेट प्रिंटरला जोडावा, तर त्याचं प्रिंटरचं भोक कधीतरी वीज पडून जळालेलं. तेव्हा मॅकची तार पेटीला आणि पेटीची तार प्रिंटरला, एवढाच रस्ता उरला होता.

प्रफुल्लनी पडदा बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला. "काका, साफ लिहिलंय की! तुमचा झोन चुकलाय. घर कोणत्या झोनमध्ये हाये तुमचं? निगमच्या?"

"त्याचा याच्याशी काय संबंध?"

"काका, आजकाल सगळं लिंक असतं."

हिरालालांना हे पटलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते मालमत्ता कराची पावती घेऊन प्रफुल्लच्या स्कूटरवर मागे बसलेले होते. निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, झोन कार्यालयात खिडकीवरच्या बाईंनी पावती पाहिली आणि अत्यंत आदरानं सांगितलं, "अंकलजी, आपका ज़ोन तो बिल्कुल सही है." मग प्रफुल्लनी विचारलं, की 'छोटा' नावाचा एखादा झोन नव्यानं झालाय का. बाईंनी मागच्या टेबलाला विचारलं. मागच्या टेबलानं नाही म्हटलं. तरी अर्ज देऊन ठेवा, असं प्रफुल्लचं म्हणणं पडलं. अर्जात 'शिकायत का विषय' असा रकाना होता. हिरालालांनी आयुष्यात शेकडो अर्ज लिहिले होते, पण 'प्रिंटर दिखाई नहीं देता' हे लिहिताना त्यांना दोनदा खोडावं लागलं. बाईंनी तो वाचला, परत दिला आणि डोळ्यांच्या एका चांगल्या, जवळच्या डॉक्टरचं नाव सांगितलं.

संध्याकाळी हिरालालांनी मुलीला फोन लावला. मोनाली हैदराबादला एका कंपनीत नेटवर्कचंच काम करायची. तिला मराठी सगळं समजे, बोलायची मात्र हिंदीच. आधी तिनं सोपा उपाय सांगितला, की पडद्याचे फोटो काढा, मी मोबाईलवरून वाचून घेते. पण त्या काळच्या मराठी अक्षरांची व्यवस्था मोठी नाजूक होती. अक्षरांचा सांगाडा मॅकमध्ये, आणि कागदावर उतरायचं रूप प्रिंटरच्या पोटात. पडद्यावर काने एकीकडे आणि मात्रा दुसरीकडे दिसत. मोबाईलनं ते वाचलं आणि 'सासूनं भाकर थापली' याचं 'सासूनं भास्कर थापली' केलं. शेवंताबाईंनी फोन उलटा ठेवला आणि त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही.

"पापा, ये ॲपलटॉक है," मोनाली म्हणाली. "बहुत पुराना. हमारे कोर्स में एक चैप्टर था, सर ने छुड़वा दिया था."

"झोन म्हणजे काय ते सांग मले."

"झोन मतलब कमरा नहीं. एक ही तार पे दस मशीनें बैठी हैं. पाँच को बोल दिया तुम अकाउंट्स हो, पाँच को बोल दिया तुम एडिटिंग हो. मशीन कहीं नहीं गई, तार भी नहीं कटी. बस नाम का बँटवारा है. और वो नाम मशीन को कौन बताता है? आपकी वो ग्रे पेटी."

पलीकडे तिला वाटलं, आता पापा अर्धा तास विचारत बसणार. पण हिरालालांना एकदम कळलं. त्यांच्या नोकरीतच हे झालं होतं. रेल्वेनं नवा झोन काढला, तेव्हा ते एका संध्याकाळी एका झोनमधून उठून घरी गेले आणि दुसऱ्या सकाळी दुसऱ्या झोनमध्ये येऊन बसले. खुर्ची तीच, टेबल तेच, पंख्याचा कडकड आवाज तोच. फक्त कागदावरचं नाव बदललं आणि काल शेजारी असलेला एक मोठा साहेब रातोरात परका झाला. त्याला पत्र लिहायचं तर आता तीन सह्या लागत.

"म्हणजे प्रिंटर दुसऱ्या झोनचा हाये, आणि पेटी त्याची ओळख करून देऊन नाही राहिली," ते म्हणाले.

"वही! पापा, आप तो एकदम... हाँ. किसी ने जान-बूझ के फ़िल्टर डाला है. ये मशीन देखी, कि पेटी उस झोन का नाम ही छुपा लेती है. पेटी रिसेट कर दो, पीछे छोटा बटन होगा."

पेटीच्या मागे छोटं बटण होतं. त्यावर लाख ओतलेली होती, लाखेवर शिक्का, आणि शिक्क्याशेजारी चिकटवलेल्या कागदावर दोन सह्या. पां. ग. आर्वीकर. शे. ग. आर्वीकर.

"तोड़ दो ना, पापा."

हिरालालांनी बोट मागे घेतलं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही शिक्का तोडला नव्हता. पंचनाम्याशिवाय तर नाहीच.

"फिर पासवर्ड लगेगा," मोनाली म्हणाली. "मॅक में ही उसका प्रोग्राम होगा. आठ अक्षर."

धाकटे शेखर आर्वीकर गोल बाजारात, रिकाम्या झालेल्या छापखान्याच्या वरच राहायचे. खाली आता भांडीवाल्यानं गोदाम केलं होतं, आणि आर्वीकर वरून पितळी घागरी मोजणाऱ्या माणसांकडे बघत बसलेले असायचे. वय सहासष्ट. हिरालालांनी पेटीचं नाव काढताच ते ताठ बसले.

"आम्ही कोर्टात नाही गेलो," ते म्हणाले. "हे आधी लक्षात घ्या. या बाजारात भाऊ भाऊ कोर्टात जाऊन राहिले होते. आम्ही नाही. खोली अकरा फूट रुंद. मध्ये भिंत घातली असती, तर दरवाजा माझ्याकडे आला असता अन् मशीन दादाकडे. मग नागपूरहून एक माणूस बोलावला. तो म्हणाला, भिंत काहाले, मी तारेतच वाटणी करून देतो. मोठ्याचा झोन वेगळा, छोट्याचा वेगळा. एकाचं काम दुसऱ्याला दिसणार नाही. टेबलं शेजारी-शेजारीच राहिली आमची. चौदा वर्षं बसलो असे."

"बोलत होते?"

"कोणाशी?" शेखर म्हणाले.

पासवर्डाचं त्यांनी सांगितलं. कोणा एकानं गुपचूप वाटणी बदलू नये, म्हणून त्या नागपूरच्या माणसानं बँकेच्या लॉकरसारखी सोय केली. पहिली चार अक्षरं पांडुरंगची, शेवटची चार शेखरची. दोघांनी आपापली चार एकमेकांकडे पाठ करून टाइप केली होती.

"तुमची चार द्यान का?"

"देईन ना. रंगारीबाईंचं पुस्तक राहिलं, ते माझ्या मनाला लागून आहे. पण मी स्वतः टाइप करीन. सांगणार नाही. अन् त्याच्या घरी जाणार नाही."

मोठे पांडुरंग आर्वीकर शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत, उरल्याला, पुठ्ठ्याच्या खोक्यांचं युनिट चालवायचे. वय बहात्तर. हिरालाल बस बदलून, मग एका ट्रकवाल्याच्या मागून धूळ खात पोहोचले, तेव्हा त्यांचा पांढरा शर्ट पुठ्ठ्याच्या रंगाचा झाला होता. गेटवरच्या माणसानं त्यांना दुसऱ्या पाळीचा कामगार समजून रजिस्टर पुढे केलं. हिरालालांनी वाद घातला नाही. सही केली. सीनिअर सेक्शन इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला पुन्हा हजेरी लावायला मिळाली, असं त्यांनी मनात म्हणून घेतलं, पण मन ऐकेना.

पांडुरंगांनी सगळं ऐकलं. "पहिली चार माझी," ते म्हणाले.

"हो, ते त्यांनीही सांगितलं."

"त्यानं सांगितलं? पहिली माझी म्हणून?" त्यांनी हातातलं खोकं बाजूला ठेवलं. "बरं. येतो. पण तो आलेला नसावा."

शेखरचीही हीच अट होती. तेव्हा दहा ऑक्टोबरला सकाळी हिरालालांनी रेल्वेचं वेळापत्रक लावावं तशी आखणी केली. अकरा वाजता पांडुरंग वर जातील, चार अक्षरं टाइप करतील, खाली बैठकीत येऊन चहा घेतील. शेखर तोवर स्वयंपाकघरात थांबतील, मग वर जातील. एकेरी मार्ग, दोन गाड्या, मध्ये क्रॉसिंग. अशी कामं त्यांनी जन्मभर केली होती.

आखणीत एकच चूक होती. पेटी थांबायला तयार नव्हती. चार अक्षरं पडली आणि मिनिटभरात पुढची आली नाहीत, की ती सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून विचारायची. पांडुरंग टाइप करून कठड्याला धरून खाली येऊ लागले, इकडून मिनिटाच्या आत पोचायला शेखर वर निघाले, आणि दोघे वळणावर, जिथं प्रिंटर अडकला होता नेमके तिथंच, समोरासमोर आले. जिना एकाच माणसाचा. कोणी मागे सरकेना. आधी कोणी सरकायचं, यावर बावीस वर्षांत निर्णय झाला नव्हता, तो इथं काय होणार. वर पेटीनं अक्षरं पुसली.

दुसऱ्या खेपेला तेच झालं.

"हे असं नाही होत," शेवंताबाई वरून म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गावरचा होता. "दोघंही वर या. आत्ताच्या आत्ता."

दोघं वर आले. एकाच टेबलाशी दोन खुर्च्यांवर बसले. मध्ये आडोसा म्हणून हिरालाल सूप धरून उभे राहिले. हा प्रसंग त्यांच्या आयुष्यातल्या मानाच्या प्रसंगांत बसत नाही, हे त्यांना तेव्हाही माहीत होतं. दारात प्रफुल्ल होते. ते म्हणाले, "काका, सूप थोडं तिरपं करा."

पांडुरंगांनी टाइप केलं. शेखरनी टाइप केलं. पडद्यावर आलं, की पासवर्ड चुकला.

"त्याचंच चुकलं असेल," शेखर सुपाला म्हणाले.

"त्याला सांगा, माझं चुकत नसतं," पांडुरंग सुपाला म्हणाले.

पुन्हा केलं. पुन्हा चुकलं. मोनाली फोनवर होती. तिनं सांगितलं, की अशा पेट्या तीन चुकांनंतर कायमच्या बंद होतात असं तिनं वाचलंय, झालं एवढं बास. शेवंताबाई पांडुरंगांच्या हातांकडे बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "दादा, तुमाले अक्षरं दिसून राहिली का?"

पांडुरंगांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. अठ्ठेचाळीस वर्षं खिळे जुळवलेल्या, अक्षरं लावलेल्या माणसाला हे कबूल करायला वेळ लागला. "एका डोळ्याचं ऑपरेशन झालं नाही अजून," ते म्हणाले. "अंदाजानं मारतो."

"मग माह्या कानात सांगा. मी दाबते. कोणाले सांगणार नाही."

त्यांनी वाकून शेवंताबाईंच्या कानात सांगितलं. शेवंताबाईंनी चार कळा दाबल्या, एकेक करून, शाळेत फळ्यावर लिहावं तशा. मग त्या शेखरकडे वळल्या. "तुम्हीही सांगून टाका. अक्षरं चुकाले आता जागा नाही." शेखर थांबले. मग तेही वाकले.

शेवंताबाईंचा हात क्षणभर हवेत राहिला. मग त्यांनी दाबल्या. त्याच चार कळा. त्याच क्रमानं.

पडद्यावर नुसते ठिपके होते. पण खुर्च्यांवर बसलेले दोघं छापखान्यातले होते. कळफलकावर बोट कुठं पडलं हे त्यांना पडद्याकडे बघून कळावं लागत नव्हतं. हिरालालांच्या हातातलं सूप कधीच खाली आलं होतं. दोघंही त्या कळांकडे बघत राहिले, जणू बोटं अजून तिथंच होती.

पेटी उघडली.

बऱ्याच वेळानं पांडुरंग म्हणाले, "पंखा वाढवा जरा."

शेखर उठले आणि त्यांनी पंखा वाढवला.

(ते काय होतं, हे त्या रात्री जेवताना हिरालालांनी विचारलं. शेवंताबाई आधी नाहीच म्हणाल्या. मग भात कालवता कालवता म्हणाल्या, "त्यायच्या मायचं नाव होतं. दोघायचंही." आणि पुढचा घास घेतला.)

पेटी उघडली म्हणजे सगळं झालं, असं मात्र नव्हतं. प्रिंटर आणि मॅक आता एका झोनमध्ये आणायचे होते, आणि प्रश्न होता कोणत्या. पांडुरंग म्हणाले, मशीन मोठ्यात घ्या, ते रीतीला धरून होईल. शेखर म्हणाले, प्रिंटर छोट्यात आणा, पुस्तक छोट्यातलं आहे. पाचच मिनिटांपूर्वी घडलेल्या गोष्टीचा या वादावर तिळभर परिणाम झालेला दिसला नाही. दोघं हिरालालांना उद्देशून बोलत होते आणि हिरालाल ज्याच्याकडे मान वळवतील तो गप्प होत होता.

शेवंताबाईंनी दोन्ही नावं पुसली. कोऱ्या जागी त्यांनी नवं नाव टाइप केलं: KALAVATI.

"हे कोण?" पांडुरंगांनी विचारलं.

"जिचं पुस्तक हाये ते," शेवंताबाई म्हणाल्या.

मॅक पुन्हा सुरू केला. खिडकी उघडली. खाली यादीत कलावती, आणि वर, बावीस वर्षं न दिसलेला, प्रिंटर. हिरालालांनी बटण दाबलं. खाली बैठकीत काहीतरी जागं झालं, घरातले दिवे मंद झाले, प्रफुल्लच्या घरचा फ्रिज बंद पडला, आणि प्रफुल्ल धावत घरी गेले. पण कागद सरकला. सगळे जिन्यावरून एकामागे एक उतरले. कोण आधी, हे कोणी बघितलं नाही. पहिलं पान अर्धं बाहेर आलं होतं. शेवंताबाईंनी ते गरम असतानाच ओढून घेतलं.

*पाळीचा भोंगा झाला, लेक शाळेत धाडली,*
*अंगठ्याची शाई माही, तिनं सहीनं झाकली.*

काने जागेवर होते. मात्रा जागेवर होत्या. शेवंताबाईंनी ते दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचताना त्यांना दिसेना, आणि त्यांनी पान हिरालालांकडे दिलं.

"समास कमी पडला," पांडुरंग म्हणाले. "शिलाईत अक्षरं जातील."

"त्यांना सांगा, समास बरोबर आहे. कागद तिरपा लागलाय," शेखर म्हणाले.

पुढचे तीन दिवस दोघं रोज आले. एक उरल्याहून, एक गोल बाजारातून. एक जण प्रिंटरच्या डाव्या बाजूला बसे, एक उजव्या. चौदा प्रती काढायच्या ठरल्या, बायांपैकी प्रत्येकीला एक. कागद अडकला, की दोघांचे हात एकदम आत जात. गोटी तेव्हाच निघाली. ती पांडुरंगांनी शेखरच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "यांना सांगा, जपून ठेवा, पुन्हा आत जाईल." यांना म्हणजे कोणाला, आणि सांगायचं कोणी, हे ठरवण्यासाठी हिरालाल तिथं होते. त्यांनी सांगितलं. तीन दिवस ते हेच काम करत होते. एकमेकांपासून दोन फुटांवर बसलेल्या माणसांचे निरोप पोचवत होते, आणि मध्ये मध्ये चहा आणत होते. टेलिकॉम खात्यात यापेक्षा जास्त काही केल्याचं त्यांना आठवेना.

चौदा तारखेला विहारात गर्दी होती. कलावतीबाईंना खुर्चीवर बसवून आणलं होतं, पांढऱ्या लुगड्यात, डोक्यावरून पदर. शेवंताबाईंनी पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. पुठ्ठा उरल्याचा, शिलाई गोल बाजारातली.

कलावतीबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते उचलून पाहिलं, जड आहे असं म्हणाल्या, आणि पुन्हा मांडीवर ठेवलं. "माह्यं नाव हाये का?"

"हाये. पहिलंच."

"अन् बाकीच्या बायायचे?"

"सगळ्यायचे हायेत."

"वाच."

शेवंताबाई वाचू लागल्या. एकेक नाव आलं, की कलावतीबाई डोळे मिटून सांगत. "पार्वता. पंप हाऊसच्या मागची. गेली ते. सखू, तिचा आवाज माह्यापेक्षा चांगला होता, कोणाले सांगू नको. गेली. यमुना. गेली." नाव, घर, आणि गेली. दहाव्या नावाला त्यांनी डोळे उघडले. "बयना हाये. भिलाईले, लेकीकडं. तिले पोचवा." बाराव्याला पुन्हा. "शांता. दुर्गले हाये. मागच्या साली फोन आला होता." आणि शेवटचं नाव आलं तेव्हा म्हणाल्या, "गेली. पण तिच्या चार सुना हायेत. चारही गातात. चौघीले एकेक पाहिजे, नाहीतर भांडतीन."

हिरालालांनी मनात मोजलं. गेलेल्यांच्या लेकी, लेकींच्या सुना, भिलाई, दुर्ग. चौदा प्रती केव्हाच संपल्या होत्या. त्यांना घरच्या बैठकीतला तो पिवळा प्रिंटर दिसला, डावी खुर्ची दिसली, उजवी खुर्ची दिसली. विहाराच्या दाराशी चपला घालत असलेले पांडुरंग आणि शेखर आर्वीकर एकमेकांकडे न बघता तिथंच थांबले होते, आणि दोघंही ऐकत होते.

"होतीन का जी तेवढी पुस्तकं, साहेब?" कलावतीबाईंनी हिरालालांना विचारलं.

"हव, होतीन," हिरालाल म्हणाले.